आजार हटत नाही, तेव्हा पोथीत काय शोधावे?

सोलापुरातील एका ताईंनी विचारलेला प्रश्न असा आहे. त्यांना बऱ्याच वर्षांपासून ऱ्हुमॅटॉइड संधिवात आहे. पूर्वी त्या दर श्रावणात ज्ञानेश्वरीचे पारायण करत असत. आता मांडी घालता येत नाही, बोटे वाकल्यामुळे ग्रंथ धरवत नाही आणि थोड्या वेळातच थकवा येतो. घरातले वडीलधारे म्हणतात की हे पूर्वजन्मीचे भोग आहेत. शेजारच्या काकूंचे म्हणणे असे की गुरुचरित्राचा सप्ताह मनापासून झाला असता तर दुखणे राहिलेच नसते. ‘माझी श्रद्धा कमी पडली, की ग्रंथांत माझ्यासारख्यांसाठी काही नाहीच?’ असे त्या विचारतात.

ताई, तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग आधी घेते, कारण त्याचे उत्तर निःसंशय देता येते. गीतेच्या सातव्या अध्यायात भगवंत आपल्याला भजणाऱ्यांचे चार प्रकार सांगतात: ‘चतुर्विधा भजन्ते मां जनाः सुकृतिनोऽर्जुन । आर्तो जिज्ञासुरर्थार्थी ज्ञानी च भरतर्षभ ॥’ या चौघांत सर्वांत आधी नाव येते ते आर्ताचे, म्हणजे पीडेने कासावीस होऊन हाक मारणाऱ्याचे, आणि या चारही जणांना भगवंत पुण्यवंत म्हणतात. पुढे ज्ञानी आपल्याला विशेष प्रिय असल्याचे ते सांगतात हे खरे. पण तिथेही ‘उदाराः सर्व एवैते’ असे म्हणून बाकीच्या तिघांचा मोठेपणा ते राखतात. दुखण्याने रडकुंडीला येऊन देवाचा धावा करणे म्हणजे कमी प्रतीची भक्ती, असे ज्यांना वाटते त्यांनी हे दोन श्लोक पुन्हा एकदा शांतपणे वाचावेत.

मी नोकरीभर परिचारिका होते. निवृत्तीनंतर शहरात ज्ञानेश्वरीचे आणि तुकोबांच्या गाथेचे वाचनवर्ग घेते, आणि ज्यांना घराबाहेर पडणे जमत नाही त्यांच्याकडे जाऊन वाचते. संधिवात, मूत्रपिंडाचे विकार, जुना दमा, पक्षाघातानंतरचे अपंगत्व अशा दुखण्यांत वर्षानुवर्षे राहणाऱ्या माणसांबरोबर ग्रंथ वाचताना माझे एक मत पक्के होत गेले. ते असे की दीर्घ आजारात पोथीला दोन प्रश्न विचारू नयेत: हे मलाच का झाले, आणि हे कधी जाईल. पहिल्या प्रश्नाने आजारी माणूस स्वतःलाच आरोपी करतो. दुसऱ्याने तो रोज पोथीची परीक्षा घेतो आणि रोज खट्टू होतो. त्याऐवजी असे विचारावे की आज जसे आहे तशा या शरीरासकट मी देवाशी काय बोलू, दिवस कसा काढू, घरातल्या माणसांशी कशी वागू. या प्रश्नाला आपले ग्रंथ भरभरून उत्तर देतात.

आता पूर्वजन्मीच्या भोगांविषयी. हा विचार आपल्या ग्रंथांत नाहीच, असे म्हणून मी तुमचे सांत्वन करणार नाही, तो आहे. समर्थांनी दासबोधाच्या तिसऱ्या दशकात त्रिविध ताप सांगितले आहेत. त्यातल्या सहाव्या समासात आध्यात्मिक ताप म्हणून शरीराची दुखणी एकामागून एक नावानिशी येतात: खरूज, पुळ्या, नारू, देवी, गोवर आणि आणखी कितीतरी. या तापाचा संबंध समर्थ पूर्वपापाशी जोडतातही. पण ती यादी आज वाचताना एक गोष्ट लक्षात घ्यावी. देवीचा रोग सगळ्या जगातून गेल्याचे १९८० साली जाहीर झाले. २००० साली भारत नारूमुक्त ठरला. ज्यांचे आजीआजोबा खेड्यातले आहेत त्यांनी नारूच्या गोष्टी ऐकलेल्या असतील. पायातून बाहेर येणारा तो दोरा काडीला गुंडाळून दिवसेंदिवस ओढत बसावे लागे. तो गेला कशाने? पाणी फडक्याने गाळून प्यायल्याने, पायऱ्यांच्या विहिरींत लोकांनी उतरणे बंद केल्याने आणि पाण्यात औषध टाकल्याने. या काळात लोकांची पूर्वजन्मीची खाती काही बदलली नव्हती. समर्थांनी आपल्या काळातल्या माणसांचे दुःख डोळे उघडे ठेवून नोंदवले, यासाठी तो समास मला मोलाचा वाटतो. परंतु त्यातून एखाद्या रुग्णावर ठपका ठेवण्याचा परवाना कुणालाही मिळत नाही.

कर्मसिद्धान्त मी स्वतः मानते. म्हणूनच गीतेच्या चौथ्या अध्यायातले ‘गहना कर्मणो गतिः’ हे वचनही मला मानावे लागते. कर्माची गती गहन आहे असे खुद्द भगवंत सांगत असताना, समोरच्या बाईच्या सुजलेल्या सांध्यांकडे पाहून ‘हे अमुक कर्माचे फळ’ असे सांगणारे आपण कोण? आयुर्वेदाच्या परंपरेतही हा प्रश्न उघडपणे चर्चिला गेला आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात, तिसऱ्या अध्यायात, सर्वांचे आयुष्य आधीच ठरलेले असते काय, असे अग्निवेश आपल्या गुरूंना विचारतो. आत्रेयांचे उत्तर असे की ते सगळेच ठरलेले असते तर मंत्र, औषध, पथ्य यांपैकी कशाचाच उपयोग राहिला नसता. दैव आणि माणसाचा प्रयत्न या दोहोंचा त्यात वाटा असतो. माझ्या समजुतीप्रमाणे कर्मविचार हा स्वतःपुरता आणि पुढच्या पावलापुरता वापरायचा असतो. आज मी गोळी वेळेवर घेतली, चिडून बोलले नाही, नातवाला गोष्ट सांगितली, हे माझे कर्म माझ्या हातात आहे. मागच्या जन्मीचे काय होते ते कुणाला दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्यावरून दिसणाऱ्या माणसाला दोष देऊ नये. घरातल्या वडीलधाऱ्यांशी मात्र यावरून वाद घालत बसू नका. आपल्या माणसाचे दुखणे हटत नाही हे पाहून त्यांचाही जीव कासावीस होतो आणि तोंडात येते ते त्यांनी लहानपणापासून ऐकलेले वाक्य. ‘असेल हो, पण आता मला जरा बाराव्या अध्यायातल्या चार ओव्या वाचून दाखवा,’ असे म्हणावे. माझ्या पाहण्यात याचा चांगला उपयोग झाला आहे.

तुमची श्रद्धा कमी पडली का, या प्रश्नामागे फलश्रुती, म्हणजे पाठाचे फळ सांगणारी वचने, आहेत. विष्णुसहस्रनामाच्या अखेरीस ‘रोगार्तो मुच्यते रोगात्’ असे स्वच्छ म्हटले आहे. ते रोज म्हणणाऱ्या रुग्णाने ‘मग मी का सुटले नाही?’ असे विचारले तर तिचे काय चुकले? इथे वेदवाक्यांचा अर्थ कसा लावावा हे सांगणाऱ्या आपल्या मीमांसकांनी घालून दिलेली शिस्त उपयोगी पडते. ग्रंथातल्या स्तुतीपर वाक्यांना ते अर्थवाद म्हणतात. माणसाला त्या कर्माकडे वळवणे, त्याला गोडी लावणे हे अशा वाक्याचे काम असते. पाठ केला की रोग गेलाच पाहिजे, नाही गेला तर पाठ करणारा खोटा, असा व्यवहाराचा करार त्यातून काढता येत नाही. तसे असते तर इतके संतसज्जन आजारी पडलेच नसते. तेव्हा फलश्रुती वाचावी, तिच्यातली आशा घ्यावी, मनात इच्छा असेल तर बरे होण्याची प्रार्थनाही अवश्य करावी. पण तिच्या आधारे स्वतःच्या श्रद्धेला गुण देऊ नयेत, आणि शेजारणीला तर मुळीच देऊ देऊ नयेत.

गुरुचरित्राचा विषय निघालाच आहे, तर त्यातला तेरावा अध्याय तुम्ही सावकाश वाचावा असे मला वाटते. गाणगापूर आणि अक्कलकोट सोलापूरला इतके जवळ आहेत की इथल्या कितीतरी घरांत सप्ताह होतो. पण सात दिवसांत ग्रंथ संपवायचा असल्याने हा अध्याय भरभर मागे पडतो. त्यात एक ब्राह्मण येतो. त्याला जुनी उदरव्यथा आहे, अन्न पोटात गेले की असह्य वेदना होतात, आणि तिला कंटाळून तो गोदावरीत जीव द्यायला निघाला आहे. ही कथा आपण चमत्काराची म्हणून ऐकतो, कारण शेवटी त्याची व्यथा जाते. मी मात्र वाचताना त्याआधीच्या घटनांवर थांबते. या ग्रंथातले गुरू नृसिंहसरस्वती यांचे त्याच्याकडे लक्ष जाते. ते शिष्यांना पाठवून त्याला आणवतात. जीव का देतोस, असे विचारतात आणि त्याचे दुःख त्याच्या तोंडून ऐकून घेतात. मग तिथे आलेल्या सायंदेव नावाच्या भक्ताला सांगतात की याला जेवू घाल. सायंदेव घाबरतो, कारण अन्नानेच याचा प्राण जाईल अशी त्याला धास्ती वाटते. तरीही त्या आजारी माणसाला पंगतीत पान वाढले जाते. व्यथा हरण करणे आपल्या हातात नाही. पण आजारी माणसाकडे लक्ष जाणे, त्याला बोलावणे, विचारणे, ऐकणे आणि आपल्या पंगतीत बसवून घेणे, हे सगळे घरातल्या कुणालाही करता येते. सप्ताह करणाऱ्या घराने या अध्यायातून एवढे उचलले तरी त्या पारायणाचे चीज झाले असे मी समजेन.

या अध्यायाच्या निमित्ताने एक गोष्ट आडपडदा न ठेवता सांगते. दीर्घ वेदनेत जीव नकोसा होण्याचे विचार पुष्कळांना येतात आणि ते आले म्हणजे भक्ती आटली असा अर्थ होत नाही. उदासीनता हाही आजाराचाच भाग असू शकतो आणि त्यावर उपचार होतात. असे विचार येत असतील तर ते पोथीजवळ बोलून गप्प बसू नका; घरातल्या एका माणसाला आणि आपल्या डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते. त्या ब्राह्मणालाही कुणीतरी काठावरून परत आणावे लागले होते.

तुम्हाला एकच अभंग द्यायचा झाला तर मी तुकोबांचा शरीरावरचा अभंग देईन. त्यात ते म्हणतात, ‘शरीर दुःखाचें कोठार । शरीर रोगाचें भांडार’. यात कुठलीही सारवासारव नाही. आणि त्याच अभंगात म्हणतात, ‘शरीर उत्तम चांगलें । शरीर सुखाचें घोंसुलें’, याच शरीराने परब्रह्म साधले. दोन्ही बाजू मांडून झाल्यावर शेवट असा आहे: ‘शरीरा सुख नेदावा भोग । न द्यावें दुःख न करीं त्याग । नव्हे वोखटें ना चांग । तुका म्हणे वेग करीं हरिभजनीं ॥’

दीर्घ आजारी माणसाचे आपल्या शरीराशी भांडण झालेले असते. तुमच्या आजारात तर शरीराची प्रतिकारशक्तीच स्वतःच्या सांध्यांच्या अस्तरावर उलटते, त्यामुळे ‘माझ्याच शरीराने माझा घात केला’ ही भावना फार खोल जाते. वर्गात एक बाई येत असत. बोटांना सूज आल्यामुळे त्यांच्या अंगठ्या कापून काढाव्या लागल्या होत्या आणि त्या दोन्ही हात सतत पदराखाली झाकून बसत. हा अभंग झाल्यावर त्यांनी विचारले की या हातांचा राग येतो, तो कुठे ठेवू? मी त्यांना म्हटले की राग येऊ द्या, तो तुकोबांनाही आला आहे, म्हणून तर पहिला चरण आहे. पण अभंग तिथे थांबत नाही, तेव्हा तुम्हीही तिथेच थांबू नका. पुढे त्या वर्गात हात बाहेर काढून टाळी वाजवू लागल्या. तळवे एकमेकांवर नीट बसत नसत, आवाज फारसा येत नसे, पण त्या ठेका सोडत नसत. ‘न द्यावें दुःख’ या शब्दांचा अर्थ तुमच्यापुरता अगदी व्यवहारातला आहे: गुडघ्यांना सूज असताना आसनावर मांडी घालण्याचा हट्ट करायचा नाही, खुर्चीत बसून वाचायचे. ‘न करीं त्याग’ म्हणजे या शरीराकडे पाठ फिरवायची नाही, त्याचे व्यायाम, शेक, औषधे टाळायची नाहीत.

तुकोबांचे आणखी एक वचन आजारी माणसाच्या अंगावर फार फेकले जाते: ‘ठेविलें अनंतें तैसेंचि राहावें । चित्तीं असों द्यावें समाधान’. हे वचन थोर आहे, पण ते माणसाने स्वतःला सांगायचे आहे. चालत्याफिरत्या माणसाने अंथरुणावरच्या माणसाला ते ऐकवू नये. ज्या तुकोबांनी ते लिहिले त्यांनीच ‘कां माझा विसर पडिला मायबाप । सांडियेली कृपा कोण्या गुणें’ असेही विचारले आहे. एकदा प्रकृती बिघडल्यामुळे त्यांना पंढरीला जाता आले नाही, तेव्हा त्यांनी वारकऱ्यांबरोबर विठ्ठलाला अभंगांचे पत्र पाठवले, असे परंपरा सांगते, आणि पत्राचे ते अभंग गाथेत आहेत. वारी चुकलेल्या आजारी माणसाने देवाला काय लिहावे, याचा नमुना म्हणून ते वाचा. त्यात ओढ आहे, रुसवा आहे, विचारणा आहे, आणि कुठेही ‘माझे सगळे ठीक आहे’ असा आव नाही. देवाकडे तक्रार करायला धजावणे ही मला श्रद्धेचीच खूण वाटते, कारण ज्याच्यावर भरवसा नाही त्याच्याजवळ माणूस रुसत नाही.

ज्यांना चालता येत नाही त्यांची परंपरा तर आपल्याच जिल्ह्यात आहे. माढा तालुक्यातल्या अरणचे सावता महाराज पंढरपूर इतके जवळ असूनही मळ्यातच राहिले आणि ‘कांदा मुळा भाजी । अवघी विठाबाई माझी’ म्हणाले. त्याच तालुक्यातल्या लऊळला कूर्मदासांची समाधी आहे. कूर्मदासांना हातपाय नव्हते. पैठणहून ते सरपटत पंढरीच्या वाटेला लागले, लऊळपर्यंत आले, आणि एकादशीपर्यंत पंढरपूर गाठता येणार नाही हे दिसल्यावर त्यांनी देवाकडे निरोप धाडला. तेव्हा विठ्ठलच लऊळला भेटायला आला. ही कथा आपल्याकडे सांगितली जाते ती हातपाय फुटल्याची म्हणून नव्हे, देव भेटायला आल्याची म्हणून. दीर्घ आजाराविषयी मराठी संतपरंपरेने काय म्हटले आहे, असे मला कुणी विचारले तर मी आधी कूर्मदासांचे नाव घेते. आषाढीच्या दिवसांत गावातून दिंड्या जाताना तुम्हाला वाईट वाटत असेल. त्या दिवशी ही कथा घरात कुणाकडून तरी वाचून घ्या.

मंगळवेढ्याच्या चोखोबांचा ‘ऊस डोंगा परी रस नव्हे डोंगा’ (ऊस वाकडा असला तरी रस वाकडा नसतो) हा अभंग वाकलेल्या बोटांच्या माणसाला लगेच आपला वाटतो. तो जरूर म्हणावा, पण एक भान ठेवावे. चोखोबांनी तो म्हटला तो जातीमुळे देवळाबाहेर उभे राहावे लागल्याच्या वेदनेतून. आपल्या दुखण्याला त्याचा आधार घेताना ती मूळ वेदना पुसू नये. उलट बाहेर ठेवलेल्या माणसाचे दुःख आजाराने आपल्याला थोडेसे कळले, तर ते लक्षात ठेवावे. तुमच्या घरी कन्नड बोलत असतील तर बसवण्णांचे वचनही काढून पाहा: धनवान शिवासाठी देऊळ बांधतील, मी गरीब काय करू? माझे पाय हेच खांब, देह हेच देऊळ, मस्तक हाच सोन्याचा कळस. ज्या शहरात तळ्याकाठी सिद्धरामेश्वरांचे देऊळ आहे तिथल्या माणसाला हे वचन समजावून सांगावे लागू नये. खांब कुरकुरत असले तरी त्या देवळातली पूजा चालू राहते.

आता प्रत्यक्ष वाचनाविषयी. संधिवातात सकाळी सांधे आखडलेले असतात आणि ते सुटायला तासभर किंवा अधिकही लागतो. म्हणून पहाटे स्नान करून वाचायलाच बसले पाहिजे हा नियम तुम्ही सोडून द्यावा. कोमट पाण्याने हात शेकून झाले, गोळ्या पोटात गेल्या, अंग जरा मोकळे झाले, की वाचा. ती वेळ अकराची असली तरी ती तुमची प्रातःकाळची उपासनाच आहे. ग्रंथ हातात धरू नका. मोठ्या टायपाची प्रत लाकडी घडीच्या स्टँडवर टेबलावर ठेवा, म्हणजे मान वाकत नाही आणि मनगटावर भार येत नाही. पान उलटणे जड जात असेल तर दोन दिवस त्याच पानावर राहिलात तरी बिघडत नाही. फार दुखत असेल त्या दिवशी मोबाइलवर लावून डोळे मिटून ऐका. श्रवण ही नवविधा भक्तीतली पहिली भक्ती आहे, वाचता येत नाही म्हणून केलेली ती तडजोड नाही.

पारायण मध्येच तुटले तर दोष लागतो, ही भीती पुष्कळांना असते. गीतेचे दुसऱ्या अध्यायातले वचन त्यावर पुरेसे स्पष्ट आहे: ‘नेहाभिक्रमनाशोऽस्ति प्रत्यवायो न विद्यते । स्वल्पमप्यस्य धर्मस्य त्रायते महतो भयात् ॥’ आरंभ केलेले वाया जात नाही, त्यात प्रत्यवाय, म्हणजे दोष, नाही, थोडेसेही मोठ्या भयातून तारते. हे वचन निष्काम कर्मयोगासंबंधी आहे. काही इच्छा धरून केलेल्या अनुष्ठानाचे नियम वेगळे असतात हे मला ठाऊक आहे. म्हणूनच आजारी माणसाने इच्छा बांधून अनुष्ठान न करता नुसते वाचावे, असे माझे सांगणे असते.

उपवास आणि औषधे यांबाबत मी जरा कडक आहे. सहाव्या अध्यायात अति खाणाऱ्याला आणि अजिबात न खाणाऱ्याला, दोघांनाही योग साधत नाही असे सांगितले आहे. त्यावर माउली म्हणतात, ‘आहार तरी सेविजे। परी युक्तीचेनि मापें मविजे’. सतराव्या अध्यायात तर शरीराला कष्टवणारे घोर तप करणारे लोक शरीराच्या आत असलेल्या मलाच कष्टवतात, असे भगवंत म्हणतात. संधिवातात बहुतेकांना मेथोट्रेक्सेट दिलेले असते. ती गोळी आठवड्यातून एकाच ठरलेल्या दिवशी घ्यायची असते. उपवास आला म्हणून ती पुढेमागे करणे, किंवा राहून गेली म्हणून रोज घेणे, दोन्ही धोक्याचे आहे, आणि रोज घेतली तर जिवावर बेतू शकते. स्टेरॉइड चालू असेल तर ते सप्ताहासाठी एकाएकी बंद करू नये, कारण औषधाच्या सवयीने शरीराने स्वतःचे तसे द्रव्य बनवणे कमी केलेले असते आणि अचानक बंद केल्यास रक्तदाब कोसळण्यापर्यंत मजल जाते. अंगाऱ्यावर श्रद्धा असेल तर कपाळाला लावा. गोळी मात्र डॉक्टरांनी सांगितली तशीच घ्या, आणि बदल करायचा तर त्यांना विचारूनच.

किती वाचावे, याचे उत्तर मला एका विणकर आजोबांकडून मिळाले. ते सोलापूरच्या पूर्व भागातले, घरी तेलुगू बोलणारे, आयुष्य मागावर गेलेले. आठवड्यातून दोनदा डायलिसिस असे. ज्या हाताला सुया लावलेल्या तो चार तास हलवायचा नाही, यंत्राचा भोंगा वाजला की सगळ्यांच्या माना तिकडे वळायच्या, अशा खोलीत त्यांना मार्कंडेयाची कथा ऐकायची असे, तीही तेवढीच: सोळा वर्षांचे आयुष्य लिहिलेला मुलगा, यमाचा पाश, आणि त्याने शिवलिंगाला घातलेली मिठी. पुढचा वराचा भाग आला की ते मला थांबवत. ‘बाई, तो यमाशी भांडला नाही, पिंडीला धरून बसला. मला तेवढंच जमतं,’ असे ते म्हणत. एका कथेतला एक क्षण त्यांना चार तास पुरत असे. तुम्हीही एखादी ओवी, एखादा चरण असा धरून ठेवा. दुखणे उसळेल त्या दिवसांसाठी मी गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला ‘मात्रास्पर्शास्तु कौन्तेय’ हा श्लोक सुचवते. शीतोष्णासारखी सुखदुःखे येतात आणि जातात, ती सोस, एवढेच त्यात सांगितले आहे. तुमचा आजार जाणार नाही कदाचित, पण त्याची प्रत्येक लाट ओसरते, हे तुम्ही अनुभवाने जाणता. लाटेच्या तिसऱ्या दिवशी मात्र ते आठवत नाही, आणि तेव्हा श्लोक पाठ असलेला बरा.

काही भाग सध्या बाजूला ठेवावेत. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात जरा आणि व्याधी यांतले दोष पाहण्याविषयी माउलींनी विस्ताराने लिहिले आहे, म्हातारपणी शरीराची काय दशा होते ते अंगप्रत्यंगांनिशी दाखवले आहे. धडधाकट माणसाला जागे करण्यासाठी ते वर्णन आहे. तुम्ही जाग्याच आहात. मन स्थिर असेल अशा काळात ते वाचा, तेव्हा त्यातली करुणा दिसेल.

येत्या श्रावणात पारायण करण्याची इच्छा असेलच, तर घरातल्यांनी अध्याय वाटून घ्यावेत आणि बारावा तुम्ही घ्यावा. भक्तियोगाच्या या अध्यायाच्या २४७ ओव्या आहेत. रोज दहा धरल्या तर पंचवीस दिवसांत तो पुरा होतो आणि महिन्यातले पाच दिवस दुखण्यासाठी मोकळे राहतात. ते दिवस आधीच वगळून हिशेब धरा, म्हणजे एखादा दिवस अंथरुणात गेला तरी मागे पडल्याची रुखरुख लागणार नाही. मोठ्याने वाचताना दम लागत असेल तर पहिली ओवी मोठ्याने म्हणा, बाकीच्या मनात वाचा.